'दंड' म्हणजे शिक्षा की नुसते पैसे?

पाड्यापाशी: बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या पाड्यांसाठी आम्ही फलक करतोय. मूळ हिंदी मजकूर असा: 'तेंदुए का शिकार. दंड: 3 से 7 वर्ष कारावास और कम से कम 25,000 रुपये जुर्माना.' मी 'दंड' तसाच ठेवला. काल पाड्यावरच्या एका काकांना पहिली ओळ वाचून दाखवली, तर म्हणाले, "दंड ना? भरू की." तेव्हापासून चैन नाही. काय लिहू?

कोर्टातली: 'शिक्षा' लिहा. आमच्याकडे 'कैद' वेगळी आणि 'द्रव्यदंड' वेगळा. 'द्रव्य' लावतात ते गोंधळ होऊ नये म्हणूनच.

जुनापुराणा: दंड म्हणजे मुळात काठी, त्यावरून शासन. मृत्युदंडात कोणी पैसे भरतं का? दंडाधिकारी हा शब्द मराठीच आहे. ट्रॅफिकच्या पावतीपायी चांगला शब्द सोडून द्यायचा?

विरारलोकल: फलक जुन्या पोथ्यांसाठी नाही. विनातिकीट सापडला की दंड, लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं की दंड. मुंबईत शब्दाचा अर्थ हाच.

कोर्टातली: आणि दंड म्हणजे किरकोळ रक्कम असंही समजू नका. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात दुसऱ्यांदा शिकार केली तर किमान 7 वर्षं कैद, वर द्रव्यदंड 5 ते 50 लाख.

तळकोकणी: मला 'शिकार'चीच जास्त काळजी वाटते. आमच्या गावी काजूच्या बागेत डुकरांसाठी फासकी लावली होती, गाडीच्या क्लचच्या तारेची. त्यात बिबट्याची मादी कमरेत अडकली. रात्रभर ओढून तार कातड्यात रुतलेली, भोवतालची माती नांगरल्यासारखी. फासकी लावणारा कळवळून सांगत होता, "मी शिकार नाय केलंय." त्याच्या लेखी शिकार म्हणजे बंदूक. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मात्र फास लावणं, विष घालणं, हाका घालून जनावर हुसकणं, इतकंच काय, नुसता प्रयत्न हीसुद्धा शिकारच. म्हणून फलकावर 'फासकी' हा शब्द हवाच.

नागोठण्याचा: आमच्याकडे वाघूर म्हणतात. वाघ धरायचं जाळं, म्हणून वाघूर.

जुनापुराणा: नाही हो. संस्कृत 'वागुरा', म्हणजे जाळं. वाघाचा संबंध नाही.

नागोठण्याचा: आजोबांच्या तोंडी मात्र वाघच होता. ऐकणाऱ्याला वाघ दिसत असेल तर तोही अर्थच.

विरारलोकल: 'चोरटी शिकार' लिहिलं तर?

कोर्टातली: नको. 'चोरटी' म्हटलं की उजळ माथ्याने केलेली चालते असं वाटतं. बिबट्याची कुठलीच चालत नाही.

फलटणची लेक: आणि कुणी 'पारध' सुचवण्याआधी सांगते, तो शब्द नको. पारधी समाजावरचा इंग्रजांनी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून गेला, लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. वाघ मेला की पहिली झडती त्यांच्याच पालांची होते.

जुनापुराणा: शब्दाचा काय दोष? पारध ज्ञानेश्वरीइतकी जुनी असेल.

फलटणची लेक: शब्द जुना असेल. झडती आजची आहे.

पाड्यापाशी: फलक सोमवारी छापायला जातोय. फासकी नक्की घालते. पण वरच्या ओळीत 'शिक्षा' की 'दंड'?

तळकोकणी: वाघूर 'ती' की 'ते'? आमच्याकडे 'ती वाघूर'.

नागोठण्याचा: तीच. आणि ती लावत नाहीत, मांडतात.