प्रमाणपत्रावर ६० टक्के आहे, पॅरा जलतरणात वर्ग कोणता मिळेल?

वेंगुर्लेकर
मुलगी, वय १५. सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय ताठर, हात जवळपास ठीक. दिव्यांग प्रमाणपत्रावर ६० टक्के. पोहणं सगळं खाडीत आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावर. तलावात उतरलीय फार तर चार-पाच वेळा. राज्य पॅरा स्पर्धेत नाव द्यायचंय. ६० टक्क्यांना कितवा एस (जलतरणातला वर्ग) धरायचा? फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोकला वर्ग एकच असतो का?

पट्टीचा_पोहणारा
टक्के विसरा. ते सवलती आणि योजनांसाठी. त्यावरून वर्ग काढणारं कोष्टकच नाही. एस-१ ते एस-१० शारीरिक, एस-११ ते १३ दृष्टी, एस-१४ बौद्धिक. आकडा जितका लहान, तितका अडथळा मोठा.

वर्ग तीन मिळतात. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लायला एस, ब्रेस्टस्ट्रोकला एसबी, तो शारीरिक वर्गांत ९ वरच संपतो, मेडलेला (चारही प्रकार एकाच शर्यतीत) एसएम. एसमध्ये क्षमतेचे एकूण ३०० गुण: हात १३०, पाय १००, धड ५०, सुरुवातीचा सूर १०, वळण १०. एसबीत २९०, पण पायांना १२० आणि हातांना ११०. म्हणून पाय ताठर असलेल्यांचा एसबी आकडा एसपेक्षा खाली येऊ शकतो. घाबरू नका, ती चूक नसते.

सीमा एका गुणाच्या असतात. १९१ ते २१५ एस-७, २१६ पासून एस-८. २८५ च्या वर गेलात तर पात्रच नाही. घरबसल्या अंदाज बांधण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

फिजिओ_रत्नागिरी
वर्ग ठरवण्याची तपासणी आधी बाकावर, मग पाण्यात, आणि शेवटी प्रत्यक्ष शर्यतीत निरीक्षण. तपासणाऱ्या मंडळात किमान दोघे, साधारणपणे एक डॉक्टर किंवा फिजिओ आणि एक जलतरणातला जाणकार.

पोलिओ किंवा मणक्याच्या इजेत स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये मोजतात. सेरेब्रल पाल्सीत ताकदीपेक्षा समन्वय पाहतात: हालचाल किती वेगाने, किती सलग होते, ताठरपणा कुठे आडवा येतो. गार पाण्यात किंवा दमल्यावर ताठरपणा बदलतो, तेव्हा आदल्या दिवशी जोराचा सराव नको. निदानाचे कागद, एमआरआय असेल तर तो, चालू औषधांची यादी आणि बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेतलं असेल तर तारीख, सगळं बरोबर ठेवा. नुसतं दिव्यांग प्रमाणपत्र पुरत नाही, कारण त्यात पाय ताठर का आहेत हे नीट लिहिलेलं नसतं.

पट्टीचा_पोहणारा
खरी अडचण मला खाडीची वाटते. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं. तलावात तिचे पाय खाली जातील आणि तिची लय बिघडेल. खाडीत भिंतही नसते, त्यामुळे सूर आणि वळण शिकलेलंच नसतं. मंडळाला ‘येत नाही’ आणि ‘जमू शकत नाही’ यातला फरक काढायचा असतो. न शिकलेल्या गोष्टीची अपंगत्वात गणना होत नाही, उलट चित्र धूसर होतं. निदान काही आठवडे तलावात घालवा: भिंतीला ढकलून सुटणं, दोन्ही बाजूंनी वळणं, चारही प्रकार थोडे थोडे.

मुद्दाम हळू पोहायला कोणी सांगितलंच, तर तेंचा आयकू नको! बाकावरची तपासणी आणि शर्यत जुळली नाही की मंडळ पुन्हा बोलावतं आणि लबाडी सिद्ध झाली तर बंदी येते.

वेंगुर्लेकर
पायाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावते. पाण्यात चालेल? आणि सूर मारायच्या ठोकळ्यावर उभं राहता येत नाही.

फिजिओ_रत्नागिरी
स्प्लिंट किंवा कृत्रिम अवयव पाण्यात नाही. ठोकळ्यावर बसून किंवा पाण्यातून सुरुवात करता येते. वर्गाबरोबर अपवादांचे कोड मिळतात, ते तिथेच मागून घ्या. ए म्हणजे मदतनीस लागतो, १२ म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय ओढले जातात किंवा मारण्याचा प्रयत्न दिसतो. कोड नोंदवला नसेल तर पंच तिला सर्वांच्या नियमाने बाद करू शकतात आणि मग वाद घालून उपयोग नसतो.

वय १५ आहे, त्यामुळे वर्गापुढे ‘पुनर्तपासणी’ असा शेरा आला तर नवल नाही. अंग वाढतंय. तारीख लिहिलेली असेल तर ती जपून ठेवा.