खालची कॅबिनेटं भिंतीला कसली की लेव्हल बिघडते, काय चुकतंय?

नवखा: किचनची सुटी कॅबिनेटं आणून स्वतःच जोडतोय. खालची चार झाली, प्रत्येकाचे पाय फिरवून पाणसळीचा बुडबुडा अगदी मधोमध आणला, मग मागून भिंतीत स्क्रू कसले आणि सगळं गंडलं. तिसऱ्याचे पुढचे दोन्ही पाय चक्क हवेत आहेत, पुढची कडा शेजारच्यापेक्षा चार-पाच मिमी वर आलीय. पाय खाली उतरवून टेकवले तरी कडा वरच राहते. वरची फळी अजून टाकली नाही एवढंच नशीब. सगळं सोडवून पहिल्यापासून करू का?

ओळंबा: पाय सोडा, भिंत बघा. तिसऱ्याच्या मागे वरच्या बाजूला भिंत आत गेलेली असणार, तुम्ही स्क्रू कसला की तो कॅबिनेटचा माथा मागे खेचतो आणि पुढचा भाग उचलला जातो, मग पाय कितीही फिरवा काय उपयोग. लांब सरळ पट्टी भिंतीला लावा, पोकळी लगेच दिसेल. भिंतीचे सगळे स्क्रू ढिले करा, पूर्ण काढू नका. मग जमिनीचा सगळ्यात उंच भाग शोधा आणि तिथून उंची धरा, कारण पाय लांब करता येतात, जमीन कापता येत नाही. भिंतीवर एक आडवी रेघ मारा, लेझर नसेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळी चालते, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं, फक्त आत हवेचा बुडबुडा अडकलेला नको. चारही कॅबिनेटं क्लॅम्पने एकमेकांना धरा, पुढच्या कडा बोटाने चाचपा, सपाट लागल्या की मगच आपापसात स्क्रू. १८ मिमीच्या दोन फळ्या म्हणजे ३६, तिथे ३० चा स्क्रू, ४० चा मारला तर टोक पलीकडून बाहेर. भिंतीचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि जिथे स्क्रू तिथेच मागे पाचर सारायची, नुसतं टेकेपर्यंत कसायचं. वजन पायांवर राहिलं पाहिजे, भिंतीचं काम फक्त पुढे कलंडू न देण्याचं.

रंधा: वरचं बरोबर आहे, पण आधी कॅबिनेट स्वतः काटकोनात आहे का बघितलं का? पाठीची पातळ फळी ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे, ६०० बाय ७२० असेल तर दोन्ही साधारण ९३७ यायला हवेत. आकडा जाऊ दे, दोन्ही सारखे आले म्हणजे झालं. तिरक्या खोक्याला लेव्हल करत बसलात तर दरवाजे कधीच जुळणार नाहीत, आणि मग लोक बिजागरीला शिव्या घालतात. अजून एक, पाणसळ एकदा टोकं अदलाबदल करून त्याच जागी ठेवून बघा, बुडबुडा हलला तर पाणसळच खोटी. माझी पडलेली होती, दोन दिवस तिच्यावर विश्वास ठेवून काम केलं, काय सांगू.

नवखा: पट्टी लावली, ७ मिमीची पोकळी निघाली 😅 स्क्रू ढिला केल्याबरोबर पाय खाली आले. कर्णांत २ मिमीचा फरक होता, पाठीचे खिळे काढून दाबून परत ठोकले. पाचरी घालून चारही बसली, आता आडवी आणि पुढून मागे दोन्हीकडे बुडबुडा मधे आहे. वरच्या कॅबिनेटांच्या जागी भिंत ठोकली की पोकळ आवाज येतो, साधा प्लास्टिकचा प्लग चालेल ना?

ओळंबा: नाही, तिथे नाही. पोकळ भिंतीत तो प्लग धरतो तो फक्त पातळ बोर्डाला, डबे भरले की वजनाने उपटून येतो. आतली उभी चौकट शोधा आणि स्क्रू तिच्यातच घ्या. चौकट जागेवर येत नसेल तर एक लांब आडवी पट्टी दोन-तीन चौकटींना कसा आणि कॅबिनेटं त्या पट्टीवर लटकवा.

रंधा: आणि दरवाजे आत्ता जुळवत बसू नका. वरची फळी बसली, वजन आलं की बिजागरीचे स्क्रू फिरवा.