तेल-पाण्याची चिप: ६०० व्होल्ट देऊनही सीमा हलत नाही, मदत हवी आहे

थेंबेथेंब
पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकॉन रबराची) चिप, काचेवर चिकटवलेली. विद्युत क्षेत्राने तेल-पाण्याची सीमा तोडून तेलात पाण्याचे बारीक थेंब करायचे आहेत. वाय आकाराच्या तोंडातून मिनरल ऑइल आणि डीआय (क्षार काढलेले) पाणी शेजारीशेजारी वाहतात, दोन्ही मिनिटाला २ मायक्रोलिटर. चॅनल २०० मायक्रॉन रुंद, ५० उंच. दोन्ही बाजूंना १०० मायक्रॉन भिंतीआड सोल्डरचे इलेक्ट्रोड, लांबी ५ मिमी. १ किलोहर्ट्झला ६०० व्होल्ट पीक-टू-पीक (लाटेच्या तळापासून शिखरापर्यंत) दिले तरी सीमा सरळच्या सरळ, साधी लाटही नाही. व्होल्टेज वाढवू का? चिप जळेल अशी धास्ती आहे.

विद्युल्लता
६०० पीक-टू-पीक म्हणजे आरएमएस (परिणामी सरासरी) फक्त २१२. विद्युत क्षेत्र सीमेवर जो दाब टाकते तो क्षेत्राच्या वर्गावर चालतो, म्हणून हिशोब आरएमएसचा. तेही सगळे तेलाला मिळत नाहीत. पाणी वाहक, त्यात काही खर्च होत नाही. उरल्या दोन भिंती आणि तेल. पीडीएमएसचा परावैद्युतांक (जेवढा कमी, तेवढा व्होल्टेजचा वाटा जास्त) २.७, तेलाचा २.२. तेलाचा थर १०० मायक्रॉन धरला तर त्याच्या वाट्याला जेमतेम ८० व्होल्ट येतात.

लागतात किती? विद्युत क्षेत्राचा दाब हा आंतरपृष्ठ ताण (सीमेला सरळ धरून ठेवणारा ताण) भागिले थराची जाडी, याच्या बरोबरीला यायला हवा. नुसत्या तेल-पाण्याचा ताण ५० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ७०० व्होल्ट. तेलात २ टक्के स्पॅन ८० (ताण कमी करणारा सरफॅक्टंट) घालून ताण ५ वर आणला की २३० पुरतात. आधी सरफॅक्टंट, मग व्होल्टेज.

आता पाण्याच्या सिरिंजची धातूची सुई आणि पाण्याकडचा इलेक्ट्रोड, दोन्ही अर्थ करा (जमिनीच्या तारेला जोडा). पाणीच इलेक्ट्रोड झाले की तिकडची भिंत हिशोबातून जाते आणि तेलाला ५५ टक्के मिळतात; १२०० पीक-टू-पीकला काम व्हावे. पण पाण्यात १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड हवेच. त्याने चॅनलमधल्या १ सेंटिमीटर पाण्याचा रोध १४ मेगाओहमच्या घरात येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या डीआय पाण्याचा २० गिगाओहमपर्यंत असू शकतो, मग अर्थ नावापुरताच.

पीडीएमएस मायक्रॉनला २० व्होल्टच्या आसपास सोसतो, त्यामुळे भिंतीची चिंता नको. हवा ३ ला फुटते. सोल्डरमध्ये बुडबुडा राहिला किंवा तार आत शिरते तिथे फट असली की ठिणगी तिथूनच पडते. ती जागा पातळ पीडीएमएसने भरून भाजून घ्या.

थेंबेथेंब
तेलाचा थर खरंच १०० मायक्रॉन आहे हे कसे ठरवायचे?

काठावरचा
मायक्रोस्कोपखाली मोजून. तुमचा बहुधा नाही. तेल पाण्यापेक्षा कित्येक पट चिकट, त्यामुळे पंप सारखे ठेवले की रुंदी तेलच बळकावते आणि विद्युत क्षेत्र पडते. सीमा मध्यावर येईपर्यंत पाण्याचा प्रवाह वाढवत न्या.

प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग सक्रिय करून) चिकटवल्यावर लगेच चिप वापरताय का? तेव्हा भिंती पाणी धरतात आणि थेंब सुटायच्या ऐवजी भिंतीला फासले जातात. ८० अंशांना रात्रभर ठेवा, पीडीएमएस परत तेलाच्या बाजूचा होतो.

आणि ५ मिमी इलेक्ट्रोड मला जास्त वाटतो. थेंब तोडणारे क्षेत्रच शेजारच्या थेंबांना एकमेकांत जिरवते. कच्च्या तेलातून पाणी काढायला तर मुद्दाम तेच वापरतात. इलेक्ट्रोडच्या सुरुवातीला सुंदर इमल्शन (तेलात विखुरलेले बारीक थेंब) आणि शेवटी जाडे थेंब दिसले तर व्होल्टेज वाढवू नका, इलेक्ट्रोड १-२ मिमीवर आणा.