नासा खासगी कंपन्यांना काम देते म्हणजे नक्की काय?

ग्रहगोंधळ:
एक शंका आहे, कुणीतरी नीट समजावून सांगा. नासाने कामं खासगी कंपन्यांना दिली म्हणून सगळं स्वस्त झालं असं जो तो म्हणतो, पण पैसे तर नासाचेच ना? आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटचा पहिला टप्पा पण बोइंगनेच बनवला होता की, मग आता नवीन काय?

उल्काप्रेमी:
फरक काँट्रॅक्टमध्ये आहे. पूर्वी कॉस्ट-प्लस, म्हणजे जेवढा खर्च होईल तेवढा नासा देणार, वर नफा वेगळा. उशीर झाला की बिल वाढणार, कंपनीला काय त्याचं! २००६ च्या कॉट्समध्ये, म्हणजे अंतराळ स्थानकावर सामान न्यायच्या योजनेत, रक्कम आधीच ठरलेली आणि ती पण एकेक टप्पा पूर्ण केला तरच हातात. रॉकेटप्लेन किस्लर कंपनीचं बघ, स्पेसएक्सबरोबरच निवडलेली, पण स्वतःचं भांडवल उभं करायचा टप्पाच चुकला, २००७ मध्ये नासाने सरळ करार मोडला आणि उरलेल्या पैशांतून ऑर्बिटल या दुसऱ्या कंपनीला घेतलं.

धूमकेतू_७:
हे ऐकायला छान वाटतं हो. २०१४ ला अंतराळ स्थानकावर माणसं न्यायच्या कामासाठी बोइंगला ४.२ अब्ज डॉलर आणि स्पेसएक्सला २.६, दोन्ही फिक्स्ड प्राइसच, म्हणजे रक्कम आधीच ठरलेली. मग बोइंगच्या स्टारलायनर यानाचं काय झालं? जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर गेले, थ्रस्टर रुसले, हेलियम गळायला लागला, यान सप्टेंबरमध्ये रिकामंच खाली आणलं आणि ते दोघं मार्च २०२५ ला स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून आले.

उल्काप्रेमी:
अहो पण तो वाढीव खर्च बोइंगच्या खिशातून गेला, दीड अब्जाच्या वर! कॉस्ट-प्लस असतं तर नासानेच भरला असता. आणि दोन कंपन्या घेतल्या होत्या म्हणूनच परत आणायला ड्रॅगन होतं. माझी भीती वेगळीच आहे, दुसरी कंपनी टिकलीच नाही तर पहिली म्हणेल ती किंमत. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटला नासाशिवाय उपग्रहवाली गिऱ्हाइकं आहेत म्हणून तिथे गणित जमतं, माणसांना चंद्रावर उतरवणारं यान नासाशिवाय कोण विकत घेणार सांगा?

ग्रहगोंधळ:
ओके, आता डोक्यात शिरलं. पण चंद्रावर सामान पोचवायची कामं पण देतात ना, तिथे यान पडलं तर?

धूमकेतू_७:
तिथे नासाने रिस्क धरलेलीच आहे. जानेवारी २०२४ ला पेरेग्रीन हे खासगी यान चंद्रापर्यंत पोचलंच नाही, फेब्रुवारीत ओडिसियस उतरलं पण कलंडलं, मार्च २०२५ ला ब्लू घोस्ट मात्र व्यवस्थित उतरलं. बाकी पेरेग्रीनवरची नासाची उपकरणं गेली ती गेलीच.