लहान वर्कशॉपची नवी वेबसाइट: बनवणाऱ्याला भेटण्याआधी काय काय ठरवायचं?

पंपघर
मोटार रिवाइंडिंग (जळालेल्या मोटारची तार नव्याने भरणं) आणि पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं चार माणसांचं वर्कशॉप आहे. सध्याची वेबसाइट सात पानांची आहे, पण मोबाइलवर नीट दिसत नाही, म्हणून नवी करायची आहे. ज्यांना विचारलं त्यांनी आधी डिझाइनचे नमुनेच पुढे ठेवले, आणि नमुने बघून काही ठरत नाही.

बनवणाऱ्याला भेटण्याआधी आपल्याकडून काय तयार हवं? डोमेन (वेबसाइटचं नाव) जुन्या बनवणाऱ्याच्या खात्यात आहे आणि आमचं ईमेलही त्याच डोमेनवर चालतं. ते बंद न पडता कसं हलवायचं? वर्डप्रेस (मजकूर स्वतः बदलता येणारी तयार प्रणाली) घ्यावं की साधी पानं पुरतील? ऑनलाइन विक्री नाही. लोकांनी फोन करावा किंवा फॉर्म भरावा, एवढंच हवं.

पाटीपेन्सिल
नमुने बाजूला ठेवा आणि फोनजवळ एक वही ठेवा. दोन आठवडे येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून काढा. "मोटार गुंजते पण फिरत नाही." "पंप चालतो पण पाणी उचलत नाही." "जळालेली मोटार भरून घ्यावी की नवी घ्यावी?" "काढून आणायची की तुम्ही येता?" लोक शोधतात ते याच शब्दांत. 'सिंगल फेज मोटार सेवा' असं कोणी टाइप करत नाही.

मग प्रश्नांचे गठ्ठे करा. उत्तर वेगळं असेल तिथे वेगळं पान, उत्तर एकच असेल तिथे एकच पान. सबमर्सिबलचं (पाण्यात बुडवलेल्या पंपाचं) काम आणि घरगुती मोनोब्लॉकचं (मोटार आणि पंप एकत्र जोडलेल्याचं) काम यांत काढण्यापासून वेळेपर्यंत सगळंच वेगळं, तेव्हा ती दोन पानं. पण बेअरिंग बदलणं आणि सील बदलणं यांना वेगळी पानं दिलीत तर दोन्ही रिकामी दिसतील.

प्रत्येक पानावर पहिल्या दोन वाक्यांत उत्तर यायला हवं. पाणी उचलत नसेल तर प्रायमिंग (पंपात आधी भरलेलं पाणी) गेलंय का, फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतोय का, सक्शनच्या जोडातून हवा ओढली जातेय का, हे आधी घरी बघायला सांगा. त्याने काम हातचं जातं असं वाटेल, पण जो तरीही फोन करतो तो नेमकं बोलतो आणि तुमची फेरी वाचते. त्याखाली किती दिवस लागतात, सोबत काय आणायचं, आणि कोणतं काम तुम्ही घेत नाही हे लिहा. शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि मग नको त्या कामाचे फोन येत राहतात.

हा मजकूर तयार झाल्यावरच डिझाइन सुरू करा. खोट्या मजकुरावर केलेल्या डिझाइनमध्ये तीन शब्दांच्या मथळ्याची जागा असते. खरा मथळा नऊ शब्दांचा निघाला की चौकटी वरखाली होतात आणि मग मजकूर कापायला सांगतात. पहिल्या पानावर फिरती चित्रं नकोत, वाचून होण्याआधी ती सरकतात. फोन नंबर चित्रात न घालता मजकूर म्हणून टाका आणि त्याला कॉलची लिंक द्या, म्हणजे बोट लावताच फोन लागेल.

नेमसर्व्हर
तुमच्याकडे खरी जोखीम डोमेनची आहे. डोमेन, होस्टिंग (वेबसाइटची पानं ठेवायची जागा) आणि ईमेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबसाइट हलवताना नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले आणि नव्या ठिकाणी एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद) टाकायचे राहिले की मेल यायचे थांबतात, वेबसाइट मात्र छान चालू दिसते. म्हणून हे लक्षात यायलाही वेळ लागतो.

सगळ्यात आधी जुन्या खात्यातून डीएनएसची पूर्ण झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या नोंदींची यादी) मागा. बाहेरून ए (वेबसाइटचा सर्व्हर सांगणारा), एमएक्स, टीएक्सटी (मजकुराची नोंद) हे रेकॉर्ड दिसतात, पण डीकेआयएमचा (मेलवरची सही तपासण्यासाठीचा) रेकॉर्ड ज्या नावाखाली असतो ते सिलेक्टर ठाऊक नसेल तर तो बाहेरून सापडत नाही. तो राहिला तर तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागतात.

मग त्याच रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) स्वतःचं खातं उघडा आणि डोमेन त्या खात्यात सरकवायला सांगा. यात रजिस्ट्रार बदलत नाही, त्यामुळे सहसा ट्रान्सफर कोडही लागत नाही. रजिस्ट्रारच बदलायचा असेल तर डोमेनचं कुलूप उघडून कोड घ्यावा लागतो आणि डॉट कॉमसारख्या डोमेनला साधारण पाच दिवस धरावे लागतात. नोंदणीदाराचं नाव बदलल्यावर अनेक रजिस्ट्रार ६० दिवस ट्रान्सफर अडवतात, तेव्हा क्रम आधी ठरवून घ्या. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, बाकी सगळं नंतर.

नव्या खात्याला याच डोमेनवरचा ईमेल पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडलं तर ते सोडवण्याचा मेलही त्याच बंद पत्त्यावर जाईल.

बदलाच्या दिवशी फक्त ए रेकॉर्ड (आणि असला तर एएएए, म्हणजे नव्या प्रकारच्या पत्त्यासाठीचा तसाच रेकॉर्ड) नव्या सर्व्हरकडे वळवा, एमएक्सला हात लावू नका. त्याआधी टीटीएल (नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. जुना टीटीएल ८६,४०० असेल तर हे किमान २४ तास आधी करायला हवं, नाहीतर जुनी नोंद लोकांकडे दिवसभर राहते. जुनं होस्टिंग आणखी आठवडाभर चालू ठेवा. मेलबॉक्स त्याच होस्टिंगवर असतील तर मात्र ते बंद करण्याआधी मेल हलवणं हे स्वतंत्र काम आहे.

पंपघर
झोन फाइल मागतो. फॉर्ममध्ये मोटारच्या नेमप्लेटचा फोटो मागवला तर चालेल का? अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम सगळं त्यावर असतं, आणि फोनवर सांगताना लोक चुकतात.

हलकंपान
जरूर मागवा, फक्त तो ऐच्छिक ठेवा. एक खोच आहे. पीएचपीमध्ये (सर्व्हरवर फॉर्म चालवणाऱ्या भाषेत) फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि मोबाइलचा फोटो सहज ३-४ एमबीचा निघतो. मर्यादा वाढवली नाही तर फोटो पोचत नाही आणि बऱ्याच फॉर्ममध्ये चूकही नीट दिसत नाही. फाइलची मर्यादा १० एमबी आणि संपूर्ण फॉर्मची, जी मुळात ८ असते, १२ एमबी करून घ्या.

नाव, फोन, अडचण आणि फोटो, एवढेच रकाने ठेवा. रकान्यांतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर रकान्यात बोट लावताच पान मोठं होतं. पुढे कधी ईमेलचा रकाना घातलात तर भरणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये जाऊ देऊ नका. तो मेल डीमार्कमध्ये ('फ्रॉम'मधला पत्ता खरा आहे का, या तपासणीत) अडकू शकतो. 'फ्रॉम'मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता, 'रिप्लाय-टू'मध्ये त्यांचा. आणि भरलेला प्रत्येक फॉर्म सर्व्हरवरही साठवा, कारण मेल हरवू शकतो.

वर्डप्रेस की साधी पानं, हे एका प्रश्नावर ठरवा: मजकूर कोण बदलणार आणि किती वेळा? दर महिन्याला तुमच्यापैकीच कोणी बदलणार असेल तर वर्डप्रेस. वर्षातून दोनदाच बदलणार असेल तर साधी स्थिर पानं बरी, त्यांना डेटाबेस नाही की प्लगिन नाहीत. फॉर्मपुरती छोटी स्क्रिप्ट लागेल. वर्डप्रेस घेतलंत तर अपडेट कोण करणार हे नावानिशी ठरवा, आणि बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवून एकदा प्रत्यक्ष परत चढवून बघा.

वर्कशॉपचे फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचे तसेच टाकू नका. रुंदी १६०० करा, वेबपीमध्ये (चित्राच्या हलक्या फाइल-प्रकारात) ७५-८० गुणवत्तेवर साठवा. बहुतेक फोटो काही शे केबीत बसतात. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली असावी, नाहीतर चित्र येताच मजकूर खाली उडी मारतो. पहिल्या मोठ्या चित्राला लेझी लोडिंग (चित्र गरज पडेल तेव्हाच आणणं) लावू नका, तेच उशिरा दिसेल. पान उघडताच दिसणारा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची मर्यादा करारात लिहून घ्या.

अक्षरजुळणी
मजकूर मराठीत असेल तर दोनच गोष्टी. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका, शिरोरेखा तुटते. रोमन अक्षरांसाठी केलेल्या तयार थीममध्ये ते सर्रास असतं. ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. जुनी पत्रकं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर मजकूर आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच चुका राहतात.

पाटीपेन्सिल
जुन्या सात पानांचे पत्ते आजच उतरवून ठेवा, पीडीएफ असतील तर त्यांचेही. प्रत्येकाला नव्या वेबसाइटवरच्या त्याच विषयाच्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्या पत्त्याकडे वळवणं) द्या आणि किमान वर्षभर ठेवा. सगळे पत्ते पहिल्या पानाकडे वळवले तर गूगल त्यांना पान नसल्यासारखंच धरू शकतं. चाचणीच्या काळात वर्डप्रेसमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवण्याची खूण केलेली असते. वेबसाइट सुरू करताना ती काढली का, हे स्वतः बघा.

पंपघर
झोन फाइल मिळाली. त्यात एसपीएफच्या (आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं हे सांगणाऱ्या) दोन ओळी आहेत, एक होस्टिंगची आणि एक ईमेलवाल्यांची. दोन्ही तशाच उतरवायच्या?

नेमसर्व्हर
नाही. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो; दोन असले की तपासणी चुकीत जाते आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. दोन्हींतले 'इन्क्लूड' (परवानगी असलेल्या सेवेचं नाव सांगणारे भाग) एकाच ओळीत घ्या, शेवटचा 'ऑल' (बाकी सगळ्यांसाठीचा नियम) एकदाच. जुन्या होस्टिंगवरून पुढे मेल जाणार नसतील तर ते बंद करताना त्याचा 'इन्क्लूड' काढून टाका. एकूण डीएनएस शोध दहाच्या वर जाता कामा नयेत, आणि 'इन्क्लूड'च्या आतले 'इन्क्लूड'ही त्यात मोजले जातात.