मदत हवी आहे: अ‍ॅरेची तात्पुरती प्रत कधी टाळता येते?

नमस्कार मंडळी. डेटा पॅरलल (एकच क्रिया अ‍ॅरेच्या अनेक घटकांवर एकाच वेळी) कामासाठी एक छोटी भाषा आणि तिचा कंपायलर लिहितोय. नियम फोर्ट्रान ९० या भाषेसारखाच: आधी उजवी बाजू पूर्ण काढायची, मगच डावीकडे साठवायची.

'अ = ब + क * ड' (चारही अ‍ॅरे) मध्ये गुणाकार आणि बेरजेचे लूप एकत्र करून 'क * ड' ची मधली प्रत काढून टाकली. १ कोटी डबल (८ बाइटच्या संख्या) म्हणजे ८० एमबीची प्रत वाचली, फार आनंद झाला!

गाडी अडलीय ती शेजारच्या घटकांपाशी. 'अ[२..न-१] = (अ[१..न-२] + अ[३..न]) / २' हा लूप जागच्या जागी चालवला की अ[४] काढताना अ[३] आधीच बदललेला असतो. उलटा फिरवला तर दुसरा शेजारी बिघडतो. एका मितीत जुनी किंमत स्केलरमध्ये (एकच किंमत ठेवणाऱ्या साध्या चलात) धरून भागलं. पण दोन मितींत अख्खी जुनी ओळ जपावी लागते, आणि काम थ्रेड्समध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत) वाटलं की प्रत्येक तुकड्याच्या सीमेवरच्या ओळीही.

ओळीपुरता बफर की पूर्ण प्रत, हे कंपायलरने कशावरून ठरवावं? डिपेंडन्सचं अंतर (एक घटक काढायला किती घर दूरचा घटक लागतो ते) कंपाइल करतानाच कळलं तरच बफर, असं सध्या धरलंय. शिवाय हा निर्णय लूप एकत्र करण्याआधी घ्यावा की नंतर? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा, दोन आठवडे इथेच अडकलोय.