दोन डोसांवर टेकडी नको

‘लशीचे दोन डोस झाले की कुत्र्याच्या पिल्लाला खुशाल टेकडीवर न्या’ हे मत मला अजिबात पटलं नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीच सुरुवातीच्या लशीला निष्प्रभ करू शकते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून तर ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस देत १६ व्या आठवड्यापर्यंत जायचं.

आमची चिंगी ११ आठवड्यांची होती, दोन डोस झालेले. हनुमान टेकडीवर नेलं. पाचव्या दिवशी उलट्या, रक्ताचे जुलाब. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार! सहा दिवस सलाइनवर काढले, वाचली. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून १६ व्या आठवड्याचा डोस होईपर्यंत कडेवर घेऊन फिरवा, रिक्षा-माणसं सगळं दाखवा, पण जमिनीवर सोडू नका.